न वाजवलेली शिट्टी

३ फेब्रुवारी

माझी ठमे,

आधी आनंदाची बातमी. आमच्या खालच्या मजल्यावर शिट्टीराव राहायला आलाय आणि त्याला वेड लागत चाललंय.

तुला शिट्टीराव कुठला आठवणार, तुझी आईसुद्धा तेव्हा शाळेत होती. डब्यांच्या कारखान्यात आमच्यावर सुपरवायझर होता तो. आम्ही बायका प्रेसवर पत्र्याची झाकणं पाडायचो. त्या गोंगाटात शेजारणीचं बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून हा गळ्यात पितळेची शिट्टी अडकवून फिरायचा. एक शिट्टी म्हणजे हात चालवा, दोन म्हणजे मशीन बंद. आम्ही आपल्या एकमेकींचे ओठ वाचून बोलायचो. त्याच्याबद्दल त्याच्या तोंडावर काय काय बोललोय, नुसते ओठ हलवून. तो समोर उभा राहून बघायचा आणि त्याला ओ की ठो कळायचं नाही.

आणि आम्ही कानात कापसाचे बोळे घातले की हा मागून यायचा आणि नखानं उपटून काढायचा. "शिट्टी ऐकायला नको का, महाराणी?" हेही ओठांवरच वाचलंय मी.

तर काल जिन्यात भेटला. मी ओळखलं, त्यानं नाही. कारखान्यातल्या बायका म्हणजे त्याला नुसती डोकी होती. पँट पट्ट्यानं आवळलेली, मान बगळ्यासारखी पुढं. मला विचारतो, "वरच्या मजल्यावर शिट्टी कोण वाजवतं?"

मी म्हटलं, "कसली शिट्टी?"

"बारीक. लांब. मध्ये श्वाससुद्धा घेत नाही वाजवणारा."

ठमे, मला तिथंच कळलं. हे तर माझ्या कानातलं. स्टेशन बंद झाल्यावर रेडिओ चीं करत राहतो ना, तसं. तू मागं आलीस तेव्हा सांगितलं होतंस, की आवाज बाहेर नसतोच, गोंगाटानं आतला कान झिजतो आणि मग आपलं डोकंच वाजत बसतं. आम्हाला प्रेसनं दिलं. त्याला प्रेसनंही दिलं आणि त्याच्या त्या पितळी शिट्टीनंही. आपलीच शिट्टी आपल्याला ऐकायला आली. घरात येऊन मी खुर्चीत बसले आणि इतकी हसले की तू बसवलेलं कानातलं यंत्र मांडीवर पडलं.

यंत्र छान आहे हो. चमचा कपाला लागलेला ऐकू येतो. शेजारची मांजर दाराशी येऊन बोलते तेही. कानातला आवाज काही गेला नाही, पण मागच्या बाकावर जाऊन बसलाय. फोनवर मात्र तुझं निम्मं बोलणं अजून मला लागत नाही, म्हणून हे पत्र. अक्षराला हसू नकोस, जोडाक्षर आलं की मी जरा थांबून दम घेते.

एक विचारायचं राहिलं. हा कानातला आवाज कशाकशानं वाढतो ते नीट लिहून पाठव. माझ्यासाठीच विचारतेय. म्हणजे सांभाळून राहीन.

तुझी आजी

*

९ फेब्रुवारी

प्रिय आजी,

तुझं पत्र मी दवाखान्यात दोन पेशंटच्या मध्ये वाचलं आणि पुढच्या पेशंटला वाटलं मी त्याच्याकडे बघून हसतेय. यंत्र रोज लावतेस हे वाचून बरं वाटलं. आवाज मागच्या बाकावर गेला, हेच आम्हाला हवं असतं. त्याला बाहेर घालवणारी गोळी अजून कुणाकडे नाही. कुणी विकायला आलं तर दार लावून घे.

आता तुझा प्रश्न. हा आवाज सगळ्यात जास्त वाढतो तो शांततेत. आजूबाजूला काही वाजत नसलं की मेंदूला दुसरं काम उरत नाही. म्हणून मी तुला पंखा किंवा रेडिओ हळू आवाजात चालू ठेव म्हणते. झोप मोडली की वाढतो. काळजी केली, चिडचिड केली की वाढतो. कान देऊन त्याचीच वाट बघत बसलं की फार वाढतो. आणि हे कुणीतरी मुद्दाम करतंय असं मनात बसलं, तर माणूस पार खचतो. सुरुवातीला पुष्कळांना हा आवाज बाहेरूनच येतोय असं वाटतं, त्यात वेड काही नाही.

तुझ्या त्या शिट्टीरावांना कुणी सांगितलंय का हे? तू सांगितलंस ना? त्यांनी कान तपासून घेतले पाहिजेत. कधीकधी नुसता मळ असतो, कधी रक्तदाब, कधी एखादी चालू असलेली गोळी, कधी जबड्याचा सांधा. एकाच कानात येत असेल, नाडीसारखा ठोके देत असेल, अचानक ऐकू येईनासं झालं असेल किंवा चक्कर असेल तर लगेच डॉक्टर. नाहीतर तुझ्यासारखं यंत्र, थोडा मंद आवाज सोबतीला, आणि आमच्याकडे बोलून भीती कमी करणाऱ्या बाई आहेत तशा कुणाकडे चार वेळा जाणं. माणसं खरंच सावरतात.

मला कळव.

तुझी ठमी

*

२१ फेब्रुवारी

माझी गुणाची ठमे,

किती छान समजावून लिहिलंस. मी तुझं पत्र डब्याखाली ठेवलंय आणि रोज एकदा वाचते.

इकडची गंमत ऐक. शिट्टीरावच्या सुनेनं जिन्यात मला गाठलं. ती बिचारी कुठल्याशा कचेरीत दिवसभर उभी असते, पाय सुजलेले. म्हणाली, "आजी, बाबांना आवाजाचा फार त्रास होतोय. तुमच्याकडून काही वाजत असेल तर..." मी म्हटलं, "अगं, मी बघते ना."

आणि बघितलं. दारोदार गेले. दुसऱ्या मजल्यावरचा शिंपी मशीन दुपारी चालवायचा, त्याला सांगितलं, म्हातारा माणूस आहे, सकाळी उरकून घे. वरच्या मास्तरणीचा रेडिओ बंद केला. पोरांना जिन्यात चपला हातात घेऊन चढायला लावलं. पाण्याचा पंप नेमका त्याच्या भिंतीपलीकडं घरघरतो, तो दुपारी लावू नका म्हणून चेअरमनला पटवलं. चेअरमन म्हणाले, "आजी, तुमच्यासारखी माणसं हवीत." सून तर माझ्या पाया पडायलाच निघाली. तिला म्हटलं, त्यांच्या खोलीतला पंखासुद्धा बंद ठेव, दारं-खिडक्या लावून घे, कापसासारखं शांत असू दे.

आता आमच्या जिन्यात इतकी शांतता आहे की मांजरही विचार करून पाय टाकते. आणि शिट्टीराव आत उभाच्या उभा वाळतोय. परवा सगळ्यांसमोर ओरडला, "ऐका, आता तर स्पष्ट ऐकू येतेय." सगळे मान खाली घालून आपापल्या घरी गेले.

आणखी एक. खेळाच्या सामानाच्या दुकानातून मी एक शिट्टी आणली. पितळेची नाही मिळाली, स्टीलची आहे. घराच्या किल्लीबरोबर गळ्यात घालते. वाजवत नाही हं. एकदाही नाही. नुसती पदरावर दिसेल अशी ठेवते आणि जिना उतरताना त्याच्या दाराशी जरा टेकते. गुडघ्यांसाठी. तो दाराच्या फटीतून बघतो. त्याच्या डोळ्यांत आता ओळख आलीय, ठमे. इतक्या वर्षांनी त्यानं माझं तोंड बघितलं.

कुणी विचारलं तर सांगते, पडले-बिडले तर हाक मारायला. तूच म्हणाली होतीस ना, काहीतरी जवळ ठेव म्हणून.

तब्येत उत्तम. भूक वाढलीय.

तुझी आजी

*

२६ फेब्रुवारी

आजी,

मी तुला आवाज कसा कमी करायचा ते शिकवलं आणि तू त्यातूनच तो वाढवायचं शिकलीस.

मला आधी कळलंच नाही. चेअरमननी तुझं कौतुक केलं तिथे मी थांबले आणि मीच तुला काय लिहिलं होतं ते आठवून पाहिलं. तू त्या माणसाला माझ्या पत्रातलं एकेक वाक्य लावलंस. शांतता, पंखा, कुणीतरी मुद्दाम करतंय. सगळं.

माझ्याकडे याच आवाजापायी जगण्याचा कंटाळा आलेली माणसं येतात. दारात उभी राहून विचारतात, मी वेडा तर नाही ना. त्यांना मी पहिलं वाक्य हेच सांगते, की नाही. तेवढं एक वाक्य तुझ्याजवळ आहे आणि त्या जिन्यात दुसऱ्या कुणाजवळ नाही.

तो तुमच्या कानातला कापूस काढायचा, एवढ्यासाठी? तू अशी नाहीस. आणि असशील तर मला कारण सांग.

पंधरा दिवसांत तू त्यांना सांगितलं नाहीस तर मी त्यांच्या सुनेला लिहीन. पत्ता तुझाच आहे, मजला तेवढा बदलायचा.

ठमी

*

२ एप्रिल

ठमे,

तुझा राग पोचला. मलाही राग आला, म्हणून लिहिलं नाही. नंतर पेनातली शाई संपली. नंतर खरंच लिहिण्यासारखं काही सुचेना.

तू सुनेला पत्र टाकलंस ते पोचलं. पण ती मला म्हणाली, "आजी, तुमची नात किती चांगली, पण आमचं ठरलंय." वेड्यांच्या दवाखान्याची गाडी सोमवारी यायची होती. म्हाताऱ्यानं भिंतीवर डोकं आपटलं होतं आधल्या दिवशी. मुलगा म्हणाला, आता कान-बिन काही नाही, डोकंच गेलंय. ती पायरीवर बसून रडत होती. मी शेजारी बसले. शिट्टी पदराखाली घेतली तेवढी.

तू कारण विचारलंस. तुझ्या आईलाही मी हे कधी सांगितलं नाही.

कारखान्यात मशीन सोडून जायचं तर हात वर करायचा. पाणी, लघवी, चक्कर, काहीही. हात वर करून उभं राहायचं, शिट्टीरावनं मान हलवली की जायचं. त्याला हात दिसायचे. पण तो मुद्दाम दुसरीकडे बघत फिरायचा, बायका ताटकळल्या की त्याला बरं वाटायचं. एके दुपारी गेटवरचा माणूस दाराच्या काचेपलीकडं येऊन उभा राहिला. मी त्याचे ओठ वाचले. "तुझी आई जातेय. तुला बोलावतेय." मी हात वर केला. शिट्टीरावनं बघितलं. माझ्याकडं, मग काचेकडं, मग परत माझ्याकडं. आणि पाठ फिरवली. मशीन चालू असताना सोडली तर शेजारणीची बोटं जायची, म्हणून मी हलू शकले नाही. एका हातानं झाकणं ओढत, दुसरा वर धरून मी भोंगा होईपर्यंत उभी राहिले. घरी पोचले तेव्हा आईचं तोंड बांधलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, काल माझी आई गेली, मी हात वर केला होता. तो म्हणाला, "माझं लक्ष नव्हतं."

एवढंच. कापसाचं मी कधीच विसरले असते.

तर रविवारी दुपारी दार वाजलं. शिट्टीराव. कपाळाला पट्टी, चपला खाली ठेवून आलेला. म्हणाला, "बाई, तू एकदा माझ्यासमोर वाजव."

"काय?"

"ती शिट्टी. एकदा माझ्या डोळ्यांदेखत वाजव. म्हणजे ती खरी आहे एवढं तरी मला कळेल. मग उद्या मला कुठंही नेऊ देत."

ठमे, मला वाटलं होतं या वेळी मला साखर खाल्ल्यासारखं वाटेल. वाटलंही, खोटं कशाला बोलू. पण मग मनात आलं, हा उद्या गाडीत बसला की वेडा म्हणून सुटला. वेड्याला काय आठवणार आणि त्याला कोण काय विचारणार. मला तो शुद्धीवर हवा होता. कधीतरी त्याचं लक्ष माझ्याकडं हवं होतं.

शिट्टी गळ्यातून काढून त्याच्या हातात दिली. म्हटलं, "तुम्हीच वाजवा, साहेब. तुम्हाला सवय आहे."

त्यानं फुंकली. नुसती हवा. परत फुंकली. मग उलटी करून बघितली. आत मी पहिल्याच दिवशी कापूस कोंबून ठेवला होता. त्यानं नखानं तो ओढून काढला. तसाच, चिमटीनं, जसा आमच्या कानातून काढायचा. बोळा हातात धरून तो बघत राहिला.

मग मी त्याला सांगितलं. तुझंच वाक्य, जसंच्या तसं, तुम्ही वेडे नाही. हा आवाज तुमच्या डोक्यात आहे, माझ्याही आहे. आपल्या प्रेसनी दिलाय, वर तुमची शिट्टी. तो उंबऱ्यावरच बसला आणि कान धरून रडला. त्याच्या मुलाला वर बोलावून यंत्र काढून दाखवलं, तुझी दोन पत्रं वाचायला लावली, मला आलेलं पहिलं आणि सुनेला आलेलं. ते रागाचं नाही. गाडी नको म्हणून कळवलं. पंप परत चालू करवला. शिंप्याला म्हटलं, शिव बाबा दिवसभर.

सरकारी दवाखान्यात कानाच्या विभागात मंगळवारचा नंबर मिळालाय. सुनेला सुट्टी नाही, मुलाला बाहेरगावी जायचंय. मीच नेते म्हटलं. तिथं काय काय करतात ते लिही.

आता तरी रागावू नकोस. किंवा रागाव, पण पत्र पाठव.

आजी

*

६ एप्रिल

आजी,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "म्हणून ती मला शाळेत हात वर कर म्हणून कधी सांगायची नाही. म्हणायची, सरळ उठून बोल."

मी रागावलेली नाही. तू जे केलंस ते मला पटलेलं नाही, आणि पटावं असं तू म्हणतही नाहीस. ठीक आहे.

मंगळवारी आधी डॉक्टर कानात बघतील, मळ असेल तर काढतील. रक्तदाब बघतील. ते घेत असलेल्या सगळ्या गोळ्या बरोबर न्या. मग त्यांना एका काचेच्या खोलीत बसवतील. आत बाहेरचा काही आवाज जात नाही. कानांवर मोठी यंत्रं लावतात आणि एकेक बारीक सूर सोडतात. सूर ऐकू आला की त्यांनी हात वर करायचा.

आजी, हे लिहिताना माझ्या लक्षात आलं. आणखी एक सांगते. असा आवाज असलेली माणसं त्या खोलीत फार गोंधळतात. आत अगदी शांत असतं ना, त्यांना आपलाच आवाज सुरासारखा वाटतो आणि काही सोडलेलं नसताना ती हात वर करतात. तपासणाऱ्यांना हे माहीत असतं. कुणी हसत नाही.

तू बाहेरच्या बाकावर बसलीस तरी चालेल. आत यायलाच हवं असं नाही.

तुझी ठमी

*

१२ एप्रिल

माझी ठमे,

आत गेले.

तपासणारी मुलगी तुझ्याच वयाची होती, केस वर बांधलेले, कोटाचं एक बटण तुटलेलं. म्हणाली, "आजी, तुम्ही यांच्या घरच्या?" मी म्हटलं, "जुनी ओळख आहे, कामावरची." तिनं मला तिच्या मागं स्टूल दिलं. काचेच्या पलीकडं शिट्टीराव, कानांवर काळी यंत्रं, गुडघ्यांवर हात, एखादा नवीन पोरगा पहिल्या दिवशी कामावर बसतो तसा.

सुरुवातीला बरं चाललं होतं. मुलीनं बटण दाबलं की त्याचा हात वर. जाड सूर त्याला ऐकू येत होते. मग बारीक सूर आले आणि हात येईना. मग उलटंच झालं. मुलीनं काही दाबलं नव्हतं आणि त्याचा हात वर गेला. तिनं खूण केली, खाली घ्या. त्यानं घेतला. परत वर. तिनं त्याच्याशी बोलायचं बटण दाबून सांगितलं, "काका, मी अजून सोडला नाही सूर." तो घाबरला. मान हलवून म्हणाला असावा, वाजतोय, वाजतोय. मला फक्त ओठ दिसले.

तेवढ्यात मुलीला बाहेरून कुणी हाक मारली. ती म्हणाली, "एक मिनिट हं," आणि गेली.

तो हात वर करून बसला होता. मुलगी दिसेना म्हणून त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला उठायचं होतं. यंत्रं कशी काढायची ते कळत नव्हतं, दार आतून उघडतं का ते माहीत नव्हतं. हात तसाच वर.

मी बघितलं. त्याच्याकडं, मग दाराकडं, मग परत त्याच्याकडं. आणि स्टूल फिरवून भिंतीकडं तोंड केलं.

भिंतीवर कानाचं मोठं रंगीत चित्र होतं. आत गोगलगायीसारखं काहीतरी असतं, ते मी अगदी मन लावून बघितलं. तुमचा कानातला कारखाना फार सुबक आहे, ठमे.

मुलगी आली, दार उघडलं, त्याला बाहेर आणलं. डॉक्टरांनी सांगितलं ते तू सांगितलंस तेच. दोन्ही कानांना यंत्र, रक्तदाबाची गोळी, खोलीत पंखा चालू, आणि बुधवारी बोलायला एक बाई. त्याचा आणि माझा कान सारखाच झिजलाय, एकाच जागी. एका कारखान्यातले, म्हणाली मुलगी.

व्हरांड्यात गर्दी होती. शिट्टीराव माझ्यासमोर थांबला. म्हणाला, "मी हात वर केला होता. तुम्ही पाठ फिरवलीत."

मला 'तुम्ही' म्हणाला. कारखान्यात असताना कधी म्हटलं नव्हतं.

मी म्हटलं, "माझं लक्ष नव्हतं, साहेब."

तो बघत राहिला. मग त्याचं तोंड हळूहळू बदललं, आत कुणीतरी दिवा लावत गेल्यासारखं. कुणाची तरी ढकलगाडी खडखडत गेली, त्यात त्याचा आवाज बुडाला, पण मला आवाज कशाला हवा. त्याच्या ओठांवर आलं, "तुमची आई." आणि जरा थांबून, "काचेपाशी गेटवाला उभा होता." लक्ष होतं त्याचं. सगळं लक्षात होतं.

माफ केलं का विचारशील, तर नाही केलं. त्यानंही मागितली नाही, तेवढी त्याला अक्कल आहे. मला वाटलं होतं, हे एकदा त्याच्या तोंडून निघालं की माझ्या कानातलं थांबेल. थांबलं नाही. पण घरी आल्यावर मी दोन कप चहा प्याले आणि पुडा फोडून बिस्किटं खाल्ली, आणि दुपारी अशी झोपले की मांजरीला दाराशी ओरडावं लागलं.

शिट्टीतला कापूस गेलाय, ती आता खरंच वाजते. तुझ्या आईला विचार, तिला हवी का.

हां, परतीचं सांगायचं राहिलं. बसमध्ये खिडकीची जागा मी घेतली. मला मिळणाऱ्या उन्हाचा आणि वाऱ्याचा त्याला हेवा वाटत होता, मला दिसत होतं. आमचा थांबा जवळ आला तसा त्यानं उठून कंडक्टरसाठी हात वर केला. कंडक्टरनं पहिल्याच वेळी बघितलं आणि घंटी मारली. जगात लोक किती चांगले असतात बघ.

तुझी आनंदात असलेली,
आजी